पोटातल्या जिवाचा वाटा

एखादा माणूस वारला आणि त्या वेळी त्याची बायको गरोदर असली, तर त्याच्या तरक्याची वाटणी कशी करायची, हा प्रश्न आपल्या फिकहमध्ये फार बारकाईने सोडवलेला आहे. पोटातल्या जिवाला ‘हमल’ म्हणतात. तो मुलगा असेल की मुलगी, एक असेल की जुळे, जिवंत जन्मेल की नाही, यातले काहीच कोणाला ठाऊक नसते. तरीही त्याचा वाटा बाजूला काढून ठेवावा लागतो. बाकीच्या वारसांनी कितीही घाई केली तरी त्या वाट्याला हात लावता येत नाही. मूल जिवंत जन्मले की तो वाटा त्याचा होतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातही गर्भातल्या मुलाला असाच हक्क दिलेला आहे. म्हणजे या बाबतीत शरीयत आणि शेजाऱ्याचा कायदा एकाच ठिकाणी येऊन पोचतात.

जो अजून श्वासही घेत नाही, त्याचे आपण काही देणे लागतो, हे आपण तत्त्वतः केव्हाच मान्य केले आहे. पण ते मान्य केले आहे जमिनीच्या, घराच्या आणि दागिन्यांच्या बाबतीत. मला इथे विचारायचे आहे ते एक ग्रॅम लोखंडाबद्दल.

गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत बाईच्या शरीराला नेहमीपेक्षा सुमारे एक ग्रॅम जादा लोह लागते. चपलेच्या तळाला मारतात तसल्या एखाद्या बारीक खिळ्याएवढे. त्यातला मोठा भाग तिचे स्वतःचे वाढलेले रक्त तयार करण्यात जातो. बाळ आणि वार यांच्या वाट्याला साधारण तीनशे मिलिग्रॅम येतात. बाळाला हे लोह मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत मिळते. त्यातूनच ते आपल्या यकृतात एक साठा करून ठेवते आणि जन्मानंतरचे पहिले चार-सहा महिने बरेचसे त्या साठ्यावर काढते, कारण आईच्या दुधात लोह फार थोडे असते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला हा साठा करायला वेळच मिळत नाही. आणि आईकडेच नसेल, तर पूर्ण दिवसांच्या बाळाचीही कोठी अर्धी रिकामी राहते.

‘कोठी’ हा शब्द मी सिद्धगडावरून घेतला आहे. मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन कड्याला लागून हा किल्ला उभा आहे. २ जानेवारी १९४३ रोजी याच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दर वर्षी त्या दिवशी लोक तिथे जमतात, भाषणे होतात, आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे कसे पाडले ते सांगितले जाते. मला मात्र त्याच्या आधीचे कोतवाल जास्त जवळचे वाटतात. माथेरानच्या न्हावी कुटुंबातला हा मुलगा वकील झाला आणि कर्जतच्या परिसरात शेतकरी-आदिवासींसाठी शाळा आणि धान्यकोठ्या काढू लागला. धान्यकोठीचा हिशोब साधा होता. पावसाळ्यात घरातला दाणा संपतो, तेव्हा सावकाराच्या दारी जावे लागू नये, म्हणून सुगीच्या दिवसांतच गावाने सगळ्यांसाठी दाणा राखून ठेवायचा. भूक लागेल त्या दिवशी धावाधाव करून उपयोग नसतो. तरतूद आधी करावी लागते. बाळाच्या लोहाचे गणित याहून वेगळे नाही.

आमच्या घरी सुक्या मासळीचा धंदा होता. मुरबाड-शहापूरकडच्या आठवडी बाजारांत वडिलांच्या पाटीसमोर बसून मी लहानपणी जवळा आणि करडी मापून दिली आहे. रानातून आलेल्या कातकरी, ठाकर बाया मोळी विकून आलेल्या पैशांतून मूठ-दोन मूठ जवळा घेत. डोळ्यांच्या आतली कड पांढरी, नखे चपटी झालेली, चार पावले चालले की धाप. आम्हाला ते रोजचेच होते. गरीब बाई अशीच दिसते असे आम्ही समजत होतो. रक्त कमी असणे हा जणू गरिबीचा गणवेशच होता. आज आकडे हाती आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या गरोदर बायांपैकी ४५.७ टक्के आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयी आढळली. बोटातून काढलेल्या थेंबाच्या तपासणीत हा आकडा फुगतो, असे काही तज्ज्ञांचे म्हणणे आहे. रक्तक्षय केवळ लोहाच्या कमतरतेने होत नाही हेही खरे. मलेरिया आहे, अनवाणी पायांतून शिरणारे अंकुशकृमी आहेत, आदिवासींत सिकलसेल आहे. ही सगळी वजाबाकी करूनही उरते ते थोडे नाही.

आता कानाकडे येतो.

आपल्या घरात मूल जन्मले की त्याला अंघोळ घालून, फडक्यात गुंडाळून घरातल्या वडीलधाऱ्याच्या हाती देतात आणि तो त्याच्या उजव्या कानात अजान, डाव्या कानात इकामत देतो. या जगातले पहिले शब्द म्हणून आपण ते त्याला ऐकवतो. पण बाळाचा कान त्या दिवशी सुरू झालेला नसतो. सहाव्या-सातव्या महिन्यापासूनच पोटातले मूल आवाजाला दाद देऊ लागते. आईच्या हृदयाचे ठोके, तिचे बोलणे, जात्याची घरघर, मशिदीच्या कर्ण्यावरची अजानसुद्धा त्याच्यापर्यंत पुसट का होईना पोचत असते. १९८० साली अमेरिकेत डिकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी दाखवून दिले, की तीन दिवसांच्या आतले बाळ आईचा आवाज परक्या बाईच्या आवाजापासून वेगळा ओळखते आणि तोच ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलते.

कानाच्या पडद्यावर आवाज आदळला म्हणजे ऐकणे झाले असे नाही. तो आवाज मज्जातंतूंतून मेंदूच्या देठातून वर चढतो. या तंतूंवर मेदाचे एक वेष्टन असते. विजेच्या तारेवर रबर असते तसे. वेष्टन नीट असेल तर संदेश झपाट्याने जातो, कच्चे असेल तर रेंगाळतो. हे वेष्टन विणणाऱ्या पेशींना लोह लागते. संदेशाला किती वेळ लागतो ते मोजण्याची सोय आहे. झोपलेल्या बाळाच्या डोक्याला बारीक तारा चिकटवतात, कानात टक्‌टक्‌ आवाज सोडतात आणि मेंदूच्या देठात उठणाऱ्या लहरी टिपतात. पहिल्या लहरीपासून पाचव्या लहरीपर्यंतचा प्रवास नवजात बाळात सुमारे पाच मिलिसेकंदांचा असतो, मोठ्या माणसात चारचा. तंतू जसे पक्व होतात तसा हा वेळ कमी होत जातो. म्हणून कानाची ही तपासणी खरे तर मेंदू किती तयार झाला आहे ते पाहण्याची खिडकी आहे.

चिली देशातल्या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केले, की सहा महिन्यांच्या रक्तक्षयी बाळांत हा प्रवास लांबलेला असतो. त्या बाळांना लोह दिले, रक्त सुधारले, तरी एक वर्षाला आणि दीड वर्षाला फरक तसाच होता. चौथ्या वर्षी पुन्हा तपासले, तेव्हाही तो पूर्ण भरून निघाला नव्हता. ती कमतरता जन्मानंतरची होती. जन्माआधीच्या कमतरतेचे काम आपल्याच देशात, दिल्लीच्या सर गंगाराम हॉस्पिटलमध्ये झाले आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे जन्मलेल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात फेरिटिन मोजले गेले. फेरिटिन म्हणजे लोहाच्या कोठीचे माप. ज्यांची कोठी रिकामी होती त्या बाळांत कानापासूनचा संदेश हळू चालत होता. ही बाळे पाहून कोणी आजारी म्हणाले नसते.

असे का होते? पोटातल्या बाळाच्या शरीरातही लोहाची वाटणी होत असते. लोह कमी पडले की ते आधी रक्तातल्या तांबड्या पेशींना दिले जाते. मेंदूचा नंबर मागे लागतो. त्यामुळे बाळ गुलाबी दिसते, त्याचे हिमोग्लोबिन बरे असते, वजन ठीक असते, आणि मेंदू मात्र त्या दिवसांत उपाशी राहिलेला असतो. ‘मूल आपले आपण आईच्या अंगातून ओढून घेते’ अशी आपल्या बायाबापड्यांची समजूत आहे. ती बरीच खरी आहे. पण ओढून घ्यायलाही विहिरीत पाणी असावे लागते.

आणखी एक प्रयोग सांगतो. मधुमेही आईच्या पोटातल्या बाळाला बऱ्याचदा लोह कमी पडते. अमेरिकेत मिनेसोटाच्या संशोधकांनी अशा बाळांच्या मेंदूतल्या लहरी टिपल्या आणि २००४ साली निष्कर्ष मांडले. ज्यांच्याकडे लोह पुरेसे होते त्यांचा मेंदू आईचा आवाज आणि परकीचा आवाज यांना वेगवेगळी दाद देत होता. ज्यांचे लोह कमी होते त्यांच्यात तो फरक दिसला नाही. आवाज ऐकू आला होता. ओळख पटली नव्हती. कानात अजान देणारे आजोबा तर त्या बाळाला परकेच. पण तीन महिने आतून ऐकलेला आईचा आवाजही परका वाटावा, ही गोष्ट वाचून मी काही दिवस अस्वस्थ होतो.

इथे नैतिक प्रश्न सुरू होतो.

आपल्या धर्मविचारात हक्कांचे दोन भाग केलेले आहेत. हक्कुल्लाह म्हणजे अल्लाहचे आपल्यावर असलेले हक्क, आणि हुकूकुल इबाद म्हणजे त्याच्या बंद्यांचे, माणसांचे हक्क. नमाज चुकली, रोजा राहिला, तर तो बंदा आणि त्याचा रब यांच्यातला मामला. तौबा केली तर माफी मिळू शकते. पण कोणाचा पैसा बुडवला, बांध कोरला, अब्रू घेतली, तर केवळ तौबा पुरत नाही. ज्याचा हक्क मारला त्याने माफ केले पाहिजे. हे आपण वाझमध्ये इतक्यांदा ऐकलेले असते की त्यातला धाक बोथट झाला आहे. म्हणूनच मयत झाली की जनाज्यापाशी घरातला माणूस उभा राहून विचारतो, मरहूमकडे कोणाचे काही देणे असेल तर सांगा, नाहीतर माफ करा.

ज्या मुलाचा वाटा जन्माआधीच मारला गेला, त्याने माफ कसे करायचे? त्याला आपले काही गेले आहे हेच ठाऊक नसते. ज्याची जमीन गेली त्याला निदान सातबारा दाखवता येतो. ज्याचा हात गेला त्याला हात नसल्याचे दिसते. या मुलाला आपण याहून वेगळे असू शकलो असतो ही कल्पनाच कुठून यावी? ज्या मेंदूने तक्रार करायची, नुकसान त्याचेच झालेले असते. जगातल्या बहुतेक अन्यायांना कधी ना कधी फिर्यादी मिळतो. या अन्यायाला फिर्यादी मिळत नाही, आणि त्यामुळे माफी देणाराही मिळत नाही. मला हे हुकूकुल इबादमधले सर्वांत अवघड प्रकरण वाटते.

‘अल्लाहची मर्जी’ असे म्हणून इथे सुटता येते का? तकदीर मानणारा माणूसही आपल्या मुलाला विहिरीच्या काठावर खेळू देत नाही. जे आधी कळले आणि टाळता आले असते, त्याला तकदीर म्हणणे ही मला आळशीपणाची धार्मिक भाषा वाटते. नेपाळच्या तराईतले उदाहरण आहे. तिथल्या गावांत काही गरोदर बायांना लोह आणि फोलिक आम्ल दिले गेले होते. त्यांची मुले सात ते नऊ वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धी आणि हातांची सफाई तपासली, तर ती ज्यांच्या आयांना लोह मिळाले नव्हते त्या मुलांपेक्षा सरस निघाली. हे २०१० साली प्रसिद्ध झाले. गावे आपल्यासारखीच गरीब, भाताचीच.

तरीही हे लिहिताना माझा हात एका ठिकाणी अडखळतो. कातकऱ्यांच्या, ठाकरांच्या पोरांना शाळेत ‘मठ्ठ’ म्हणणारे लोक आधीच पुष्कळ आहेत. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांबद्दलही तीच भाषा वापरली जाते, आणि ती वापरणाऱ्यांत आमचेही लोक असतात. त्यांच्या हाती हे संशोधन पडले, तर ते म्हणतील, पाहा, यांचे मेंदूच जन्मतः कमी. विज्ञानाचा असा उपयोग जगात पूर्वी झालेला आहे. म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे. हे फरक सरासरीचे आहेत, मिलिसेकंदाच्या अंशांचे आहेत. एका मुलाकडे बोट दाखवून ‘याचे लोह कमी पडले होते’ असे कोणालाही सांगता येत नाही. मेंदू पुढेही घडत राहतो. बोलणारे घर, गोष्ट सांगणारी आजी आणि धीराचा मास्तर पुष्कळ भरून काढतात. आणि कातकऱ्याच्या पोराला वर्गात कळत नाही याचे पहिले कारण त्याची बोली वेगळी आणि पुस्तकाची मराठी वेगळी, हे आहे. कोकणी मुसलमानांच्या मुलांनी हे भोगलेले आहे; घरात एक मराठी, शाळेत दुसरी. पण कलंक लागेल या भीतीने नुकसानच नाकारायचे, हेही मला पटत नाही. जमिनीवरून हुसकावलेल्याला भूमिहीन म्हटले तर त्याचा अपमान होत नाही. त्याला ‘मुळातच भिकारी’ म्हटले तर होतो.

दुसरा धोका याहून जवळचा आहे. हे सगळे ऐकल्यावर बोट ताबडतोब आईकडे वळते. तिने गोळ्या का नाही खाल्ल्या? तिने पालेभाजी का नाही खाल्ली? दवाखान्यात ओरडा तिलाच बसतो, घरी सासूचा वेगळा. फिकहचा तो हमलाचा नियम इथे पुन्हा आठवावा असा आहे. वाटा राखून ठेवण्याची जबाबदारी कोणावर असते? ज्याच्या ताब्यात तरका आहे त्याच्यावर. गर्भवती विधवेवर नव्हे. लोह आईच्या अंगातून बाळाकडे जाते, पण ते आईच्या ताब्यात कधी असते? ताटात काय पडायचे ते ठरवणारा दुसराच कोणी असतो.

आपल्याच घरातली गोष्ट घ्या. बकरी ईदच्या दिवशी नमाज पढून पुरुष घरी येतात आणि कुर्बानीनंतर सर्वांत आधी तव्यावर कलेजी पडते. कलेजीइतके अंगी लागणारे लोह स्वयंपाकघरातल्या फार थोड्या पदार्थांत असते. ती तळते घरातली बाई आणि खातात बाहेर बसलेले बाप, मुलगे, पाहुणे. तिच्या वाट्याला तव्यावरची खरवड. (गरोदर बाईने कलेजी फार खाऊ नये असे डॉक्टर सांगतात, अ जीवनसत्त्वामुळे. पण तेरा-चौदा वर्षांच्या, नुकतीच न्हाण आलेल्या मुलीला कोणी मनाई केली आहे? कोठी तर त्याच वयापासून रिकामी होऊ लागते.) रोजच्या जेवणातही तेच. मटणाच्या फोडी पुरुषांना, मुलग्यांना. बायांना रस्सा आणि भात. जेवण झाल्यावर लगेच चहा, जो जेवणातले लोह आतड्यात शिरू देत नाही. लोखंडी तवा आणि कढई माळ्यावर गेली. तिच्यात शिजलेल्या आंबट कालवणात थोडे लोह उतरायचे, तेही गेले. बायकोचा नफका देणे नवऱ्यावर फर्ज आहे आणि तलाक दिलेली बाई गरोदर असेल तर बाळंत होईपर्यंत तिचा खर्च नवऱ्याकडेच राहतो, हे आपण सभांतून अभिमानाने सांगतो. त्या खर्चात कलेजीचे दोन तुकडे धरायचे की नाही, यावर कोणी तकरीर करताना मी ऐकलेले नाही.

रोज्यांचेही तसेच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची भीती असेल तर रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. रोज्याने लोह घटते असे मला म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते त्या मुभेबद्दल. मुभा देताना पोटातल्या जिवाचा हक्क विचारात घेतलेला आहे. घरात मात्र ‘आम्ही नाही का ठेवले?’ हे सासूचे वाक्य त्या मुभेवर भारी पडते, आणि सुनेला सवलत घेणे म्हणजे ईमान कच्चे असल्यासारखे वाटू लागते.

आणि घराबाहेर? ठाणे जिल्ह्याला जन्माआधीचे कर्ज नवीन नाही. लग्नासाठी शे-दोनशे रुपये घेऊन नवरा-बायकोने वर्षानुवर्षे सावकाराकडे राबायचे, याला इथे ‘लगनगडी’ म्हणत. त्यांना झालेली मुले त्याच कर्जात जन्मत. किसान सभेने १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला परिषद भरवली आणि त्यानंतर गोदावरी परुळेकरांनी वारल्यांमध्ये जो लढा उभारला, त्याने ती प्रथा मोडली. १९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध कायदाही झाला. आज ‘लगनगडी’ हा शब्द ऐकू येत नाही; ‘उचल’ हा शब्द ऐकू येतो. पावसाळ्यात दाणा संपला की वीटभट्टीवाल्याचा मुकादम वाडीवर येतो आणि उचल देऊन जातो. दिवाळी झाली की कुटुंब भट्टीवर जाते, भिवंडीकडे, कल्याणकडे. बाई सहाव्या-सातव्या महिन्याची असली तरी चिखल तुडवते, विटा पाडते. पहाटे कोरा चहा, दुपारी भात आणि मिरची. जे तीन महिने बाळाच्या कानाचे, तेच तीन महिने उचल फेडण्याचे. शहापूर तालुक्यातल्या तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि एप्रिल-मेमध्ये तिथल्याच वाड्यांतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरतात, हे तर इतक्यांदा लिहून झाले आहे की ते वाचताना आता कोणी थांबत नाही.

भट्टीमालक सगळ्या समाजांत आहेत. आपल्यातही आहेत. नमाजी आहेत, जकात देणारे आहेत. जकातीचा हिशोब अडीच टक्क्यांना चोख करणाऱ्या माणसाला मी विचारू इच्छितो, की त्या बाईच्या पोटातला हमल तुमच्या कोणत्या वहीत आहे? तिच्या मजुरीतून उचल वळती करून घेताना त्याचा वाटा बाजूला काढला होता का?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. लोहाच्या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून आहे. २०१८ पासून ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या नावाने तो नव्याने मांडला गेला आहे. चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, साठ मिलिग्रॅम लोहाची, एकशे ऐंशी दिवस. बाळंतपणानंतर आणखी एकशे ऐंशी. आदिवासी भागासाठी महाराष्ट्राने २०१५ मध्ये अमृत आहार योजना काढली. गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचे ताजे, पूर्ण जेवण. या योजनेला अब्दुल कलामांचे नाव दिले आहे, आणि रामेश्वरमच्या एका नाववाल्याच्या मुलाच्या नावाने सिद्धगडाखालच्या पोटुशा बाईला गरम भात मिळावा, हे मला मनापासून आवडते. जेवण अंगणवाडीतच बसून खायचे, यामागचा विचारही शहाणपणाचा आहे. डबा घरी गेला की वाटणी पुन्हा घरच्या रीतीने होते.

गोळ्यांची गोष्ट मात्र गोळ्या वाटून संपत नाही. त्यांनी मळमळते, पोट साफ होत नाही, शौचाला काळे होते. काळे पाहून बाई घाबरते. गोळ्यांनी मूल काळे होते, मूल फार मोठे होऊन बाळंतपण अडते, असे समज पसरलेले आहेत. अडते ही भीती हसण्यासारखी नाही. माचीवरच्या वाडीतून अडलेली बाई झोळीत घालून खाली आणायची असेल, तर मूल लहान असावे असेच कोणालाही वाटेल. रस्ता नाही म्हणून गोळी गिळली जात नाही, असेही घडू शकते. आशाताईने चार वेळा येऊन समजावले, लिंबू पिळून जेव, चहा दोन तास उशिरा घे असे सांगितले, तर बाया ऐकतात. जुन्या सुइणींकडूनही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. वार पडेपर्यंत नाळ कापायची नाही अशी पुष्कळ भागांतल्या सुइणींची रीत होती. शहरी डॉक्टरांनी ती अडाणीपणाची ठरवून नाळ झटपट कापायला सुरुवात केली. आता जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, की निदान एक ते तीन मिनिटे थांबा. त्या वेळात वारेतले रक्त बाळाकडे जाते आणि त्याची लोहाची कोठी बरीच भरते. फुकटचे लोह, फक्त थांबण्याचे.

पण भट्टीवर आशाताई येत नाही. गावच्या अंगणवाडीच्या वहीत बाईच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि भट्टी ज्या गावच्या हद्दीत आहे तिथल्या वहीत तिचे नाव कधी कधी चढते, अनेकदा चढतच नाही. दिवाळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत भट्टीचा हंगाम साधारण सहा महिन्यांचा. सरकारी गोळ्याही एकशे ऐंशीच. निघताना त्या एका पिशवीत घालून तिच्या हाती देता येतात, मुकादमाच्या हाती नव्हे. मालकाला दुपारच्या भातावर वाटीभर जवळ्याचे कालवण घालता येते. त्याचा खर्च किती येतो हे सुक्या मासळीचा धंदा केलेला माणूस म्हणून मी सांगू शकतो, एका विटेच्या किमतीत बसतो. जूनच्या सुरुवातीला भट्ट्या विझतात. टेम्पोत भांडीकुंडी, कोंबड्या आणि माणसे भरून ती परत सिद्धगडाच्या वाटेला लागतात. त्यांच्यात दोन-तीन महिन्यांची काही बाळे असतात, भट्टीवरच्या झोपडीत जन्मलेली, ज्यांची नोंद दोन्ही तालुक्यांच्या वह्यांत नसते.